नटाचें छायाचित्र

ठाण्यांतील एखाद्या सुशिक्षित घरांत रात्रीचीं जेवणें नुकतींच आटोपलीं आहेत, अशी कल्पना करावी. टेबलावरचीं ताटें उचललीं गेलीं आहेत आणि त्यांच्या जागीं संगणक उघडून ठेवला आहे. घरांतील मुलीनें महाविद्यालयांत असतांना एकांकिका-स्पर्धांतून कामें केलीं, परीक्षकांनीं तिची पाठ थोपटली, आणि आतां मालिका, चित्रपट व जाहिराती यांच्या दारावर रीतसर थाप मारून पाहावी असें तिनें ठरविलें आहे. त्या दाराशीं पहिली मागणी होते ती छायाचित्रांची. म्हणून साठविलेल्या पैशांतून तिनें एका छायाचित्रकाराकडून अर्ध्या दिवसाचें काम करून घेतलें, आणि त्यानें तीनशेंवर चित्रें तिच्या स्वाधीन केलीं. त्यांतून चार निवडावयाचीं आहेत. आईला साडींतलें, नथ घातलेलें चित्र पसंत पडतें. पदवीदान-समारंभांत शोभेल असें एक गंभीर चित्र वडील पुढें करतात. धाकटा भाऊ, ज्यांत ताई ओळखूंच येत नाहीं, असें एक झगझगीत चित्र उचलतो. आजी प्रत्येक चित्राला ‘छान आहे हो’ म्हणते. मुलीला स्वतःला यांपैकीं एकहि आवडलेलें नाहीं; तिच्या मनांत भरलें आहे तें पांचवेंच.

या घरगुती सभेंत कोणाचीहि दृष्टि वाईट नाहीं. मात्र प्रत्येकाच्या मनांत एक जुनी सवय काम करीत आहे. मराठी घरांत मुलीचें छायाचित्र विचारपूर्वक निवडण्याचा प्रसंग पिढ्यान् पिढ्या एकाच निमित्तानें येत गेला, आणि तें निमित्त म्हणजे स्थळाकडे पाठविण्याचें. त्या चित्रांत रंग थोडा उजळ दिसावा, चष्मा काढलेला असावा, दागिना शोभून दिसावा, आणि समोरच्या घरांतील सासूपासून आतेपर्यंत कोणालाहि नापसंतीचें कारण सांपडूं नये, एवढेंच पाहिलें जाई. नटाच्या चित्राचें काम नेमकें याच्या उलट आहे. शंभरांतील नव्वद ठिकाणीं त्यानें नकार घेतला तरी कांहीं बिघडत नाहीं. जेथें त्या चेहऱ्याची गरज आहे, तेथें मात्र पाहणाऱ्याचा हात थांबला पाहिजे. सर्वांना बरें वाटणारें चित्र बहुधा कोणालाच थांबवीत नाहीं. आईनें निवडलेलें नथीचें चित्र बाद ठरतें तें एवढ्याचसाठीं कीं त्यांत आधीं नथ दिसते, मग साडीचा कांठ दिसतो, आणि मुलगी तिसऱ्या क्रमांकावर येते.

चेहऱ्यावरून पात्र ठरविण्याचा प्रश्न आपल्याकडे चित्रपटाइतकाच जुना आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट नव्हे, मूकपट. तो १९१३ सालीं मुंबईंत लोकांपुढें आला. त्याचे कर्ते दादासाहेब फाळके यांनीं एके काळीं गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता, त्यामुळें चेहरा कांचेंतून कसा दिसतो याची त्यांना चांगली पारख होती. नट हवेत म्हणून त्यांनीं वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. आलेली मंडळी पाहून, रूपानें बऱ्या असलेल्यांनींच यावें अशी पुस्ती त्यांना जोडावी लागली, असें सांगतात. तारामतीच्या कामास तर कोणी स्त्री मिळेना. शेवटीं तारामती सांपडली ती ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहांत. तेथें स्वयंपाकघरांत काम करणारे साळुंके यांची नाजूक चेहरेपट्टी आणि हातांची ठेवण दादासाहेबांच्या नजरेंत भरली, आणि त्यांनाच त्यांनीं राणी केलें. पुढें १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनीं रामाचीहि भूमिका केली आणि सीतेचीहि. एकाच चेहऱ्यांत दोन पात्रें असूं शकतात याचा याहून ठसठशीत दाखला मिळावयाचा नाहीं. परंतु तो चेहरा शोधण्यासाठीं दादासाहेबांना उपाहारगृहांत जावें लागलें. आज साळुंके यांच्यासारखा तरुण स्वतःच आपलें चित्र पाठवितो. तें दोन्ही पात्रें सुचवील कीं एकहि नाहीं, हें त्याच्या निवडीवर अवलंबून असतें.

याच संदर्भांत बालगंधर्वांची आठवण होणें साहजिक आहे. १९११ सालच्या ‘मानापमाना’ंतील भामिनी आणि १९१९ सालच्या ‘एकच प्याला’ंतील सिंधू या भूमिकांनीं महाराष्ट्राला असें कांहीं वेड लावलें कीं त्यांची नेसण्याची आणि फुलें माळण्याची ढब कुलीन स्त्रियांनीं उचलली, आणि त्यांचीं स्त्रीवेषांतील छायाचित्रें लोकांनीं हौसेनें जपून ठेवलीं. परंतु हीं चित्रें आणि आज ठाण्याच्या टेबलावर पसरलेलीं चित्रें यांची जातकुळी एक नव्हे. गंधर्वांचें चित्र घेणाऱ्यानें गंधर्वांना पाहिलेलें असे, निदान त्यांचें गाणें तरी ऐकलेलें असे. चित्रानें त्याला झालेल्या आनंदाची आठवण करून द्यावयाची. उमेदवार नटाचें चित्र ज्याच्या हातीं पडतें त्यानें त्याचें नांवहि ऐकलेलें नसतें. तेव्हां थोर नटांच्या गाजलेल्या चित्रांची नक्कल करून आपलें चित्र काढविणें, ही चूक हौशी मंडळींकडून फार वेळां होते. हनुवटीखालीं हात, दूर क्षितिजाकडे लागलेली नजर, अर्धा चेहरा काळोखांत, हें सर्व ज्याचें नांव झालें आहे त्याला शोभून दिसतें. नवख्याच्या बाबतींत पाहणाऱ्याला फक्त दिसत नाहीं तो उरलेला अर्धा चेहरा.

छायाचित्रानें भूमिका मिळवून दिल्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला हॉलिवुडचा आहे, आणि तो जरा विस्तारानें सांगण्याजोगा आहे. १९२९ सालीं नॉर्मा शिअरर ही मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीची प्रमुख नटी होती, आणि त्या कंपनीचा निर्मितिप्रमुख आयर्विंग थॅलबर्ग हा तिचा पति होता. बाहेरच्याला वाटावें, हिला काय कमी! परंतु कंपनीनें ‘दि डायव्होर्सी’ या चित्रपटाची तयारी चालविली, तेव्हां त्यांतील मुख्य भूमिका नॉर्माला हवी असूनहि थॅलबर्गच तिला ती देण्यास राजी नव्हता. नवऱ्याच्या व्यभिचाराला त्याच नाण्यानें उत्तर देणारी, धीट आणि मोहक अशी ती नायिका; आणि नॉर्माची प्रतिमा सोज्वळ, घरंदाज स्त्रीची. शिवाय तिच्या डोळ्यांत किंचित् तिरळेपणा होता, आणि कॅमेऱ्यापुढें तो सांभाळून घ्यावा लागे. पतीशीं वाद घालून उपयोग नाहीं हें तिनें ओळखलें. रामोन नोव्हारो या नटानें जॉर्ज हरेल नांवाच्या एका तरुण छायाचित्रकाराकडून खासगी रीतीनें आपलीं चित्रें काढविलीं होतीं; तीं तिनें पाहिलीं आणि ती त्या छायाचित्रकाराच्या लॉस एंजलिस येथील चित्रशाळेंत गेली. हरेलनें तिचे केस, तिची बसण्याची ढब आणि प्रकाशाची दिशा हीं सर्व बदलून टाकलीं. त्या बैठकींतून निघालेलीं चित्रें तिनें घरीं नेऊन पतीपुढें ठेवलीं. थॅलबर्गचें मत फिरलें. १९३० सालीं चित्रपट निघाला, त्यांतील कामासाठीं नॉर्माला उत्कृष्ट नटीचें अकादमी पारितोषिक मिळालें, आणि हरेल त्याच कंपनीचा छायाचित्रकार झाला.

ही गोष्ट सांगून छायाचित्रकार आपले दर वाढवितात, पण तिच्यांतील खरी गोम निराळी आहे. नॉर्मा सुंदर आहे हें थॅलबर्गला ठाऊक नव्हतें थोडेंच! त्याच्या मनांत एकच शंका होती, ती या स्त्रीच्या अंगीं तो धीटपणा आहे काय ही. आणि नॉर्मानें निवडलेल्या चित्रांनीं नेमकें त्या एका शंकेला उत्तर दिलें. चित्र निवडावयाच्या आधीं ही शंका कोणती हें ठरविणें जरूर आहे. गोल, हसऱ्या चेहऱ्याच्या तरुणीविषयीं पाहणारा मनांत म्हणेल, ही रडेल काय? रुंद खांद्यांच्या, जाड भुंवयांच्या तरुणाविषयीं म्हणेल, हा प्रेमळ दिसेल काय? पहिल्या चित्रानें, चेहरा सहजच जें सांगतो तें स्पष्ट सांगावें, आणि दुसऱ्यानें या शंकेला उत्तर द्यावें. तीनशें चित्रांच्या ढिगाऱ्यांतून याच दोन कामांचीं चित्रें शोधावयाचीं असतात. उरलेलीं, कितीहि सुरेख असोत, घरच्या भिंतीसाठीं आहेत.

पाहणारा तें चित्र कसें पाहतो, याचीहि कल्पना घरच्या मंडळींना सहसा नसते. लंडन येथें १९२७ सालीं ‘स्पॉटलाइट’ नांवाची नटनटींची सचित्र सूची निघूं लागली. हॉलिवुडमध्यें तेथील चित्रपट-अकादमीनें १९३७ सालीं तसलीच सूची सुरू केली. पानांमागून पानें चेहरे, खालीं नांव आणि पत्ता. आतां त्या सूच्यांची जागा संगणकानें घेतली आहे. अमेरिकेंत दीर्घ काळ चालत आलेली आठ बाय दहा इंचांची चकचकीत प्रत, जिच्या पाठीवर नटाची कामगिरी छापलेली असे, तीहि पुष्कळ अंशीं मागें पडली आहे, जरी चित्राचा तो उभा आकार मात्र टिकून आहे. मुंबईंत अंधेरीपलीकडे वर्सोव्याच्या आराम नगर भागांतील जुन्या बैठ्या घरांतून पात्रनिवडीचीं कार्यालयें थाटलेलीं आहेत, आणि तेथें कामाची वर्दी देणारा निरोप बहुधा भ्रमणध्वनीवरूनच फिरतो. उत्तरादाखल येणाऱ्या चित्रांच्या रांगा पात्रनिवड करणारा, म्हणजे धंद्याच्या बोलींत कास्टिंग डायरेक्टर, अंगठ्यानें वर सरकवीत जातो. त्या वेळीं प्रत्येक चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढें असतें. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखविला तरी माणसें त्याच्या स्वभावाविषयीं मत बनवून मोकळीं होतात. अधिक वेळ दिल्यास मत फारसें बदलत नाहीं, केवळ त्याविषयींची खात्री वाढते. हें न्याय्य आहे कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. उमेदवाराला त्याच दहाव्या भागाशीं व्यवहार करावयाचा आहे. म्हणून भरल्या घरानें मोठ्या पडद्यावर कौतुकानें पाहिलेलें चित्र एकदां तिकिटाएवढें लहान करून, हात लांब धरून पाहावें. डोळे दिसतात का? चेहरा मागच्या भिंतींत विरून तर जात नाहीं? निम्मीं चित्रें या एकाच कसोटीला गळतात.

दुसरी कसोटी दाराची. चित्र पाहून बोलावलेली व्यक्ति खोलींत शिरते, आणि टेबलामागचा माणूस हातांतील चित्राकडे व तिच्याकडे आळीपाळीनें पाहूं लागतो, हा प्रसंग उमेदवाराच्या दृष्टीनें फार घातक आहे. आपण फसलों अशी त्याची भावना झाली कीं पुढचें चांगलें कामहि वायां जाण्याचा संभव असतो. ‘पण तें माझेंच चित्र आहे’ असें उमेदवार शपथेवर सांगेल, आणि तें खरेंहि असेल; तरी अनोळखी डोळ्याला तें पटत नाहीं. याचें कारण २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका सुरस प्रयोगांत सांपडतें. नेदरलंड्समधील दोन प्रसिद्ध स्त्रियांचीं प्रत्येकीं वीस, अशीं एकूण चाळीस चित्रें ब्रिटिश पाहुण्यांच्या हातीं दिलीं आणि माणसागणिक त्यांच्या चळती लावावयास सांगितलें. त्या स्त्रियांना न ओळखणाऱ्या या मंडळींनीं सरासरीनें सात-आठ चळती लावल्या. म्हणजे दोन बायकांच्या त्यांनीं सात-आठ केल्या! तींच चित्रें ओळखणाऱ्या डच मंडळींना दिलीं, तेव्हां बहुतेकांनीं बिनचूक दोन चळती केल्या. घरचीं माणसें हीं त्या डच मंडळींसारखीं असतात. मुलगी कशीहि दिसो, त्यांना ती तीच दिसते. आणि म्हणूनच चित्र तिच्यासारखें आहे कीं नाहीं हें सांगण्यास तीं सर्वांत कमी पात्र असतात.

मग मुलीनें स्वतःच निवडावें, तर तेथेंहि पंचाईत आहे. जन्मभर तिनें आपला चेहरा पाहिला तो आरशांत, म्हणजे उजव्याचें डावें झालेला. भांग ज्या बाजूला पाडतों असें तिला वाटतें त्याच्या उलट बाजूला तो जगाला दिसतो. किंचित् वर चढलेली भुंवई, एका अंगाला झुकणारें हसूं, हीं सर्व छायाचित्रांत तिला ‘चुकीच्या’ जागीं दिसतात. १९७७ सालीं अमेरिकेंत कांहीं विद्यार्थिनींना आपलेंच चित्र सरळ व आरशाप्रमाणें उलटें, असें दोन्ही प्रकारांनीं दाखविलें असतां त्यांचा कल उलट्या चित्राकडे होता, आणि त्यांच्या निकटवर्तीयांचा सरळ चित्राकडे. याहून ताजा पुरावा ऑस्ट्रेलियांतील आहे. तेथें २०१७ सालच्या एका प्रयोगांत शंभरावर विद्यार्थ्यांना स्वतःच्या बारा चित्रांतून, समाजांत, नोकरींत व प्रणयांत कोणतें चित्र पुढें करावें हें ठरविण्यास सांगितलें. त्यांचीच चित्रें अनोळखी माणसांकडूनहि निवडवून घेतलीं. मग ज्यांनीं कोणालाच पाहिलें नव्हतें अशा तिसऱ्याच मंडळींपुढें दोन्ही निवडी ठेवल्या, तेव्हां अनोळखी माणसांनीं निवडलेल्या चित्रांचा प्रभाव अधिक चांगला पडला. स्वतःच्या चेहऱ्याविषयीं माणूस आंधळा नसतो, पण त्याचा चष्मा वांकडा असतो खरा.

या दोन्ही अडचणींतून वाट एकच. तीनशेंतून वीस चित्रें मुलीनें आणि छायाचित्रकारानें मिळून काढावीं. मिटलेले डोळे, ताणलेली मान, अस्पष्ट नजर, हीं त्यांत आपोआप जातात. ज्या काळीं छत्तीस चित्रांच्या फितीचा छाप एका कागदावर उमटवून, भिंगांतून पाहून तांबड्या पेन्सिलीनें खुणा करीत, त्या काळीं हें काम शिस्तीनें होई, कारण प्रत्येक मोठ्या प्रतीला पैसे पडत. आतां चित्र काढण्यास जणूं खर्चच नाहीं, म्हणून निवडण्याचा आळस वाढला आहे. उरलेलीं वीस चित्रें, मुलीला फारशी न ओळखणाऱ्या पण नाटक-चित्रपटांत वावरणाऱ्या चार-पांच माणसांना दाखवावीं. एखादा दिग्दर्शक, एखादी वेषभूषा करणारी, स्पर्धेंत भेटलेला दुसऱ्या महाविद्यालयाचा कोणी नट. त्यांना ‘चांगलें कोणतें’ असें मुळींच विचारूं नये. ‘ही कोण असेल? काय काम करीत असेल?’ असें विचारावें. एका चित्राला तिघांनीं ‘शाळेंत नुकतीच लागलेली शिक्षिका’ म्हटलें आणि दुसऱ्याला ‘वकील, हिच्याशीं जपून बोलावें’ म्हटलें, तर निवड निम्मी झालीच. ज्या चित्राला सर्वजण नुसतें ‘छान’ म्हणतील तें बाजूला ठेवावें.

चित्राच्या गुणदोषांपैकीं कांहीं मात्र असे आहेत कीं ते निवडीनें सुधारत नाहींत, ते काढतांनाच साधावे लागतात. त्यांतील पहिला अंतराचा. हात लांब करून स्वतःच काढलेल्या चित्रांत नाक फुगतें आणि कान मागें पळतात. १२ इंचांवरून काढलेल्या चित्रांत, ५ फुटांवरून काढलेल्याच्या मानानें, चेहऱ्याच्या प्रमाणांत नाक सुमारें ३० टक्के अधिक रुंद दिसतें, असें २०१८ सालीं अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं गणितानें दाखविलें. आणि तें कशासाठीं, तर असलीं चित्रें पाहून नाक कापून घेण्यास येणाऱ्या लोकांना परत पाठविण्यासाठीं! जाणता छायाचित्रकार पांच-सहा फूट किंवा अधिक दूर उभा राहतो आणि त्या अंतराला साजेसें लांब पल्ल्याचें भिंग वापरतो. दुसरा गुण प्रकाशाचा. डोळ्याच्या काळ्या भागांत प्रकाशाचा एक लहानसा ठिपका दिसला पाहिजे; तो नसला तर उत्तम चेहराहि विझल्यासारखा दिसतो. खिडकींतून येणारा सकाळचा उजेड याला पुरतो, भारी दिवे असलेच पाहिजेत असें नाहीं. कपडे एकरंगी, गळ्याशीं साधे. मोठ्या फुलांचें कापड चेहऱ्याशीं भांडतें, आणि छातीवरचीं अक्षरें तर पाहणाऱ्याला वाचावींशीं वाटतातच.

हरेलच्या काळीं कांचेवर वा फितीवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि वांग पुसून टाकीत. नटीच्या गालांवरचे ठिपके नाहींसे करणें हा कंपनीच्या नोकरांचा रोजचा उद्योग होता. आतां हेंच काम संगणक क्षणांत करतो, आणि म्हणून अधिकच मोह पडतो. येथें नियम साधा ठेवावा. जें आठवड्यानें आपण होऊन जाणार आहे, जसें मुरूम किंवा झोप न झाल्याची सूज, तें पुसावें. जें राहणार आहे, जसे तीळ, व्रण, डोळ्यांभोंवतींच्या रेषा, रंग, त्यांना हात लावूं नये. रंगाच्या बाबतींत मराठी घरें विशेष हट्टी असतात, म्हणून तो हट्ट सोडण्याबद्दल मुद्दाम सांगावें लागतें. सांवळी मुलगी चित्रांत गोरी केली तर ज्या भूमिकेसाठीं सांवळा चेहरा शोधला जात आहे ती हातची जाते, आणि गोऱ्या भूमिकेच्या दारांतून ती परत फिरविली जाते. दोन्हीकडून नुकसानच. तसेंच, केस कापले, दाढी राखली, वजन उतरलें, कीं जुनें चित्र कितीहि लाडकें असो, रद्द समजावें.

किती चित्रें द्यावींत? थोडीं. हसरा चेहरा एक, कारण जाहिरातवाले तेंच मागतात; शांत, मिटल्या ओठांचा एक; कमरेपर्यंतचें एक; आणि डोक्यापासून पायांपर्यंत, अंगकाठी स्पष्ट कळेल असें एक. मुंबईंत याशिवाय डावी-उजवी बाजू दाखविणारीं, रंगभूषेविना काढलेलीं साधीं चित्रें मागतात. तीं घरच्या भिंतीपुढें भ्रमणध्वनीवर काढलेलीं चालतात, किंबहुना अनेकांना तींच अधिक विश्वासाचीं वाटतात. सोबत वय, उंची, कोणत्या भाषा येतात, हें खरें लिहावें. पोलिसाचा गणवेष, डॉक्टरचा झगा, नऊवारी आणि तलवार, अशा वेषांतील चित्रांची जत्रा मात्र भरवूं नये. शिक्षिकेचें काम चेहऱ्यानें सुचवावें, हातांतल्या छडीनें सुचवूं नये.

येथें घरच्या वडील मंडळींनीं कान देण्याजोगी एक गोष्ट आहे, कारण तिच्यांत पैसा आणि अब्रू दोन्ही गुंतलीं आहेत. चित्रें काढणें हा एक धंदा आणि पात्रें निवडणें हा दुसरा. पात्रें निवडणारा आपलें मानधन निर्मात्याकडून घेतो. ‘भूमिका नक्की आहे, फक्त आमच्याच चित्रशाळेंतून एवढे हजार भरून चित्रें काढवा’ असें सांगणारा, किंवा नांवनोंदणीचे, ओळखपत्राचे, चांचणीचे पैसे आधीं मागणारा माणूस भूमिका विकीत नसतो. तो चित्रेंच विकीत असतो, आणि तींहि महाग. तसेंच, पहिल्याच निरोपांत अपुऱ्या वस्त्रांतील चित्रें मागणाऱ्याला उत्तर देण्याचें कारण नाहीं. चित्रें काढण्याच्या दिवशीं मैत्रीण किंवा भाऊ बरोबर गेला तर कोणताहि सरळ छायाचित्रकार रागावत नाहीं. आणि जो रागावतो त्याच्याकडे जाऊंच नये. अर्ध्या दिवसाचें प्रामाणिक काम करणारा छायाचित्रकार बहुधा आपणच विचारतो, ‘कोणत्या कामांसाठीं हवीं आहेत?’ त्या एका प्रश्नावरून त्याची पारख होते.

ठाण्याच्या त्या टेबलावर आतां रात्रीचे अकरा वाजले आहेत. नथीचें चित्र बाजूला झालें; आईला थोडें वाईट वाटलें, पण तें मोठें करून दिवाणखान्यांत लावावयाचें ठरल्यावर तिची समजूत पटली. भावानें उचललेलें झगझगीत चित्र, मुलगी त्यांत ओळखूंच येत नाहीं, या तिच्याच मैत्रिणीच्या निरोपानें बाद झालें. वडिलांचें गंभीर चित्र, सर्वांच्या आश्चर्यास, राहिलें. स्पर्धेंतील एका दिग्दर्शकानें त्याला ‘सरकारी वकील’ म्हणून कळविलें होतें, आणि या हसऱ्या मुलीविषयीं नेमकी तीच शंका कोणाच्याहि मनांत आली असती. मुलीचें आवडतें पांचवें चित्र तिकिटाएवढें करून पाहतांच त्यांतील डोळे हरवले. राहतां राहिलें पहिलें, हसऱ्या चेहऱ्याचें. तें कोणीच निवडलें नव्हतें. दोन चित्रांच्या मध्यें छायाचित्रकार कांहींतरी म्हणाला आणि तिनें मान वळवून उत्तर दिलें, त्या क्षणीं तें निघालेलें होतें. केसांची एक बट सुटलेली, डाव्या भुंवईवरचा लहानपणचा व्रण स्पष्ट. ज्या चार अनोळखी माणसांना वीस चित्रें पाठविलीं होतीं त्यांपैकीं तिघांनीं तेंच पुढें केलें.

आजी झोपावयास जातां जातां पडद्यापाशीं थांबली. आतांपर्यंत तिनें सर्वांना ‘छान’ म्हटलें होतें. या चित्राला तिनें छान म्हटलें नाहीं. चष्मा नीट बसवून ती एवढेंच म्हणाली, ‘अग, ही कोणाला उलट उत्तर देतेय?’